दोन शब्दांमधली जागा

महाळुंग्याच्या कोंडाजींनी बादली आमच्या शाळेच्या सुपरिंटेंडंट साहेबांच्या टेबलावर आदळली. बादली लोखंडी, पण आतून तांब्याच्या घागरीसारखी लाल झालेली, आणि बुडाला दोन भोकं.

"ह्ये बघा सायेब. बादली ग्येली ती ग्येली, बटाटाबी ग्येला. तुमच्या पोरांनी चावडीवर लिवलं तसंच क्येलं म्या."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हणजे मी, ज्योतीराम, शेतकी शाळेच्या 'पाभर' या हस्तलिखिताचा संपादक, आणि माझ्या शेजारी मीरासाहेब. साल एकोणीसशे चोपन्न. दर महिन्याला आम्ही 'पाभर'च्या पाच प्रती काढायचो. एक महाळुंग्याच्या चावडीवर लागायची, बाकीच्या आसपासच्या चार गावांत. छापखाने सगळे पुण्यात आणि आम्ही चाकणच्या माळावर, त्यामुळे मीरासाहेबाचा उजवा हात हाच आमचा छापखाना होता.

कोंडाजींनी भिंतीवरून सोलून आणलेला अंक उलगडला आणि बोट ठेवून वाचलं, "'मोरचूद लोखंडी बादलीत कालवून ये.' आता 'ये' म्हनलं म्हून घरीच कालवलं आन् श्येतात ग्येलो."

मला हसू फुटणार होतं, पण बादलीकडे लक्ष गेलं आणि ते मावळलं. लिहिलं होतं 'कालवू नये'. बटाट्यावर करपा आला की मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून फवारतात. मोरचूद लोखंडात कालवलं तर त्यातलं तांबं बादलीच धरून बसते आणि पिकाच्या वाट्याला रंगीत पाणी येतं. लोकांनी ही चूक करू नये एवढ्यासाठी मी तो लेख लिहिला होता.

"अहो तात्या, ते 'कालवू नये' आहे," मी म्हणालो. "जरा नीट वाचायचं की!"

"नीटच वाचलं. तूच दाव, कुटं तोडलंय?"

मी कागद हातात घेतला. कुठेच तोडलं नव्हतं. मीरासाहेबाचे आजोबा इनामदारांच्या दप्तरात मोडी लिहायचे, आणि अक्षर त्यानं त्यांच्याच मांडीवर बसून गिरवलं होतं. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. मीरासाहेब बाळबोध लिपीसुद्धा तशीच लिहायचा. पानभर ओळी पाहिल्या की नजर हटत नसे. अंक मी तपासला होता, पण लेख माझाच असल्यामुळे तो मी डोळे झाकूनही वाचला असता. तपासणं कसलं, स्वतःचंच कौतुक चाललेलं!

कोंडाजी बादली तिथेच ठेवून निघून गेले. साहेब म्हणाले, "आजपासून 'पाभर' बंद. अर्धवट शहाण्यांनी लोकांना शहाणपण शिकवायचं कारण नाही."

मी मान खाली घातली. मीरासाहेबानं मात्र विचारलं, "सायेब, कोंडाजीतात्यांनी सोता चावडीवर अंक लावू दिला तर?"

"तो माणूस? त्यानं लावू दिला तर खुशाल काढा."

त्याच दुपारी मीरासाहेब सायकल काढून उरलेल्या चारही गावांत जाऊन आला आणि चारही अंक उतरवून घेऊन आला. आणखी कुणी कालवून गेलं नव्हतं, हे आमचं नशीब.

मला वाटलं, आता काय, शब्दाशब्दांत जागा सोडली की झालं. तसं बोललोही.

"तुला काय जातंय बोलायला?" तो चिडला. "रेघ वडायला लागलो की हात थांबतच न्हाई. सबूद कवा संपला त्ये हाताला कळंना झालंय."

मग आम्ही एक युक्ती केली. रोज सकाळी गोठ्याचं काम उरकलं की तो कागद घेऊन बसायचा. मी मजकूर सांगायचो आणि शब्द संपला की टेबलावर टिचकी मारायचो. टिचकी वाजली की त्यानं हात उचलायचा. पहिले आठ दिवस हात माझ्या टिचकीला भीक घालत नव्हता. त्यानं बोरू मोडून टाकला आणि निबाचा टाक घेतला, कारण बोरूला म्हणे जुनी खोड होती. नव्या टाकानं अक्षर बिघडलं. पहिलीतल्या पोरानं काढावं तसं एकेक अक्षर वाकडं येऊ लागलं.

मला ते बघवेना. "मीऱ्या, सोड रे," एकदा मी म्हणालो. "एका बादलीपायी असलं अक्षर घालवतोस?"

"एका बादलीपायी न्हाई. तात्यांनी इस्वासानं वाचलं, ज्योत्या. टिचकी मार."

मी टिचकी मारली. त्याच्या हट्टाचा मला राग आला होता, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

महिन्याभरानं नवा अंक तयार झाला. आम्ही दोघं खळीचा डबा घेऊन महाळुंग्याला गेलो. कोंडाजी आणि त्यांची बायको गोजाबाई करप्यातून वाचलेले चार बटाटे उकरत होते. मीरासाहेब सरीत उतरला आणि उकरू लागला, मग मीही. सरी संपल्यावर त्यानं हात झाडले आणि अंक कोंडाजींच्या पुढे धरला.

"तात्या, वाचा. तुमाला बिनचूक वाचाया आलं तरच लावनार. न्हाईतर हितंच फाडतो."

कोंडाजींनी धोतराला बोटं पुसून कागद घेतला. "कांद्याचं... रोप... भर उनात... लावू..." बोट थांबलं. बोटानं मधली जागा ओलांडली. "नये. उनात लावू नये. बराबर हाय."

गोजाबाई मागून डोकावल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण येता-जाता चावडीवरचं अक्षर त्या बघायच्या. "आदीचं लई देखनं व्हतं बाई," त्या म्हणाल्या. "आता समदं तुटक-तुटक दिसतंय."

"व्हय काकू," मीरासाहेब म्हणाला. "देखनं व्हतं."

"मला वाचाया आलं, बास झालं," कोंडाजी म्हणाले. "चला, लावू या." आणि खळीचा डबा त्यांनी स्वतः उचलला.

आम्ही शाळा सोडली तरी 'पाभर' चालूच राहिलं. मीरासाहेब शेतकी खात्यात लागला आणि गावोगावच्या चावड्यांवर तीस वर्षं लिहीत राहिला. मला त्याची पत्रं यायची, तीही त्याच वाकड्या, सुट्या अक्षरात. तो निवृत्त झाल्यावर मी त्याला कळवलं, आता कुणाची बादली फुटायची नाही, मला तरी एकदा जुन्या अक्षरात लिही.

आठ दिवसांनी कार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते, मध्ये बोटभर जागा सोडून लिहिलेले. हात विसरला.