मऊ बोल्ट

मित्रांनो, शेडच्या मागे गंजत पडलेला हा लोखंडी सांगाडा म्हणजे मी, एक जुना बेलर. शेतात पसरलेलं सुकं गवत गिळायचं, दाबायचं आणि दोरीने बांधून गठ्ठे बाहेर टाकायचे, हा माझा जन्मभराचा धंदा. मला दयामाया नाही. कारखान्यात ती बसवतच नाहीत.

ती होती माझ्या दोन मालक भावांतल्या थोरल्याजवळ. तो रोज सकाळी माझ्या सांध्यांना ग्रीस द्यायचा, पात्याला धार लावायचा आणि चाकातला मऊ बोल्ट तपासायचा. गवत अडकलं की हा बोल्ट आधी तुटतो आणि गवत दाबणारा माझा दट्ट्या जागीच थांबतो. "हा तुटतो म्हणून आपले हात शाबूत राहतात," असं तो धाकट्या भावाला बजावायचा. धाकटा हसायचा. "काम दोन तास, लाड चार तास! नाकापेक्षा मोती जड झालाय, दादा."

मग थोरला तापाने अंथरुणाला खिळला. कापलेलं गवत शेतात आणि वर आभाळ भरून आलेलं. धाकट्याने मला तसंच जुंपलं. ना ग्रीस, ना धार. बोथट पात्याने गवत कापेना, बोल्ट तुटू लागले. एका सकाळीत तीन! डब्यात अजून सात होते, पण चौथ्यांदा बदलायचा त्याला कंटाळा आला. त्याने हाताशी आलेला एक पोलादी बोल्ट ठोकून बसवला. "आता तुटून दाखव, थेरड्या!"

नाही तुटला, बरं का.

थोड्याच वेळात गवताचा गोळा अडकला आणि दट्ट्या तटला. शहाण्याने ट्रॅक्टर चालूच ठेवला आणि गोळा ओढायला उजवा हात आत घातला. गोळा सुटला, तसा मीही सुटलो. मला थांबवणार कोण? गवत आणि चार बोटं यांतला फरक मला कळत नाही. त्या गठ्ठ्याची गाठ मात्र झकास बसली होती.

थोरला तापातच धावत आला. गठ्ठा फाडून बोटं शोधताना तो रडत ओरडत होता, "अरे, सात होते ना डब्यात!" बोटं सापडली, पण जोडता आली नाहीत.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. मला काय, मी गंजेन. थोरला आता माझ्याकडे फिरकत नाही. ग्रीस द्यायच्या वेळेला तो दारात बसून धाकट्याच्या शर्टाची बटणं लावतो. मला इथून दिसतं. सात बटणं, रोज.