घोड्याच्या घरातलं प्यादं

बलभीमला आज बुद्धिबळाचा डाव नकोच होता. कंबर धरलेली, अंग आंबलेलं, त्यात वैष्णवीनं भलतंच ओझं गळ्यात घातलेलं. ती त्याच्या रोजच्या जोडीदाराची, बिभीषणची सून, पुण्याहून सासऱ्याला न्यायला आलेली. मागच्या महिन्यात म्हातारा बसनं धाराशिवला उतरायचं सोडून थेट येरमाळ्याला जाऊन पोचला, तेव्हापासून लेकाच्या मनात शंका.

"काका, तुमी रोज खेळता त्यांच्यासंगं. डोकं जाग्यावर हाय का, तुमीच सांगा. हाय म्हणला तर ऱ्हाऊ द्या इथंच."

म्हणजे बिभीषण बेंबळीत राहणार की जाणार, ते आता बलभीमच्या जिभेवर. तो गेला तर रोज संध्याकाळी बसायचं कुणाजवळ?

बिभीषणच्या ओसरीवर डाव रंगला कसला, नुसता रेंगाळला. शेवटी दोन राजे आणि तीन प्यादी उरली. बिभीषणचं एकुलतं प्यादं मोकळं सुटलं होतं. समोर अडवायला कुणी नाही आणि बलभीमचा राजा लांब पडलेला. एकेक घर ते पुढं सरकू लागलं. तरी बलभीम निर्धास्त होता. बेंबळीच्या पारावर देशी नियम चालायचा: प्यादं ज्याच्या घरात पोचेल, तेच ते होणार. हे निघालं होतं घोड्याच्या घराकडं. घोडा झाला तर बलभीमची दोन प्यादी त्याला पुरून उरली असती. या नियमावरून दोघं जन्मभर भांडले होते. एका पोळ्याला बलभीमनं पट उधळला आणि पुढं दसऱ्यापर्यंत अबोला धरला होता.

प्यादं शेवटच्या घरात पोचलं. बिभीषणनं ते उचललं आणि तिथं वजीर ठेवला.

भांडायला बलभीमनं तोंड उघडलं, मग मिटलं. ज्याला घोड्याचं घरही आठवेना, त्याच्याशी काय भांडायचं?

"हारलो म्या," तो म्हणाला. "लई भारी खेळलास."

वैष्णवी चहा घेऊन आली. तिनं डोळ्यांनीच विचारलं. खोटं बोलायचंही त्राण बलभीममध्ये उरलं नव्हतं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. ती चहा ठेवून आत गेली.

बिभीषणनं वजीर उचलला आणि त्याच घरात घोडा ठेवला.

"आल्यापासनं पटापेक्षा माझ्या तोंडाकडंच जास्त बघायलास. म्हणलं, बघावं, पट उधळतूस का मला येडा समजून गप बसतूस." त्यानं चहाचा कप उचलला. "बसमधी डोळा लागला व्हता रं माझा. एवढंच."

आतून वैष्णवीचा फोनवरचा आवाज आला, "व्हय, काकाबी तेच म्हणले. उद्याच घिऊन येते."

बलभीमनं उठायला जमिनीवर हात टेकला. कंबर उठू देईना.

"बस," बिभीषण म्हणाला. "चाल तुझी हाय."