नागोरावांची रेघ

काही दिवशी संध्याकाळी बरोबर सात वाजता ऑफिसात माझ्या टेबलावरचा तो फोन वाजायचा, आणि उचलला की पलीकडे काहीच नसायचं. श्वास नाही, खरखर नाही. त्या लाइनच्या दुसऱ्या टोकाला साताऱ्याकडच्या पठारावरची एक खोली होती आणि तिला वर्षभर कुलूप होतं. वाऱ्याचे आकडे आता थेट कॉम्प्युटरवर यायचे. लाइन तोडायचा अर्ज कुणी करायचा, यावर आमच्या वीज कंपनीत अजून पत्रव्यवहार चालू होता.

पूर्वी त्या खोलीतून नागोराव फोन करायचे. पवनचक्क्यांजवळ वाऱ्याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. मूळचे वर्ध्याकडचे, घर विश्रांतवाडीत, पण आठवडाभर मुक्काम पठारावर. रोज सातला, पुण्यात घरोघरी दिवे लागून विजेची मागणी सगळ्यात वाढते तेव्हा, ते मला वारा सांगायचे. वारा असला की त्यांच्या बोलण्यापेक्षा त्याचीच शिट्टी जास्त ऐकू यायची. नसला की स्वच्छ आवाजात म्हणायचे, "जय भीम, ताई. आज रेघ हाये." मी "बरं" म्हणून फोन ठेवायचे. रेघ म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही. मला घाई असायची, मी मोठी नियोजन अभियंता होते ना.

२००४च्या सप्टेंबरात ते निवृत्त झाले आणि ऑक्टोबरात वारले. भारनियमनात जिन्यावरून पडले, एवढंच कळलं होतं.

आता पुन्हा ऑक्टोबर होता आणि माझा नवा आराखडा शुक्रवारी मंजुरीला जाणार होता. कोणती वीज कधी आणि किती मिळेल, याचा तो हिशेब. सूर्य सातला घरी गेलेला. उसाच्या चिपाडावरची वीज साखर कारखाने सुरू झाल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर. धरणाचं पाणी पाटबंधारेवाल्यांच्या मर्जीवर. म्हणून ऑक्टोबरची संध्याकाळ मी वाऱ्याच्या भरवशावर सोडली होती: साठ मेगावॅट. आकडा पाच वर्षांच्या नोंदींची सरासरी होता. नागोरावांच्या वह्या हिंजवडीच्या एका कंपनीकडून कॉम्प्युटरवर चढवून घेतल्या होत्या आणि मूळ वह्या रद्दीत गेल्या होत्या. गेल्या वर्षीही हाच तक्ता वापरला होता. वारा आला नाही, शहर अंधारात बसलं, आणि आम्ही सगळ्यांनी वाऱ्याला नावं ठेवली.

फोन वाजला की कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायची मला सवय लागली होती. मंगळवारी सहज ते गोल कॉम्प्युटरशी ताडून पाहिले. ज्या दिवशी फोन वाजला, त्या प्रत्येक दिवशी सातला पठारावर वारा पडलेला होता. इतर दिवशी फोन गप्प. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या घरातली नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंही घराबाहेर गेली. तरी मी ते गोल पुन्हा एकदा मोजले.

बुधवारी दुपारी मी विश्रांतवाडीला त्यांच्या पत्नीकडे, इंदुबाईंकडे गेले. प्रत्येक नोंदीची दुसरी प्रत नागोराव घरी ठेवायचे. इंदुबाईंनी ती वही आणून दिली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 'शून्य म्हणजे यंत्र बंद. रेघ म्हणजे यंत्र चालू, वारा नाही.'

मी ऑक्टोबर उघडला. एकतीस संध्याकाळी, त्यांत बावीस रेघा. पाचही वर्षं जवळपास तशीच.

टाइप करणाऱ्यांनी रेघेच्या जागी रिकामा चौकोन सोडला होता. सरासरी काढताना कॉम्प्युटर रिकामे चौकोन मोजतच नाही. मी फक्त वाऱ्याच्या नऊ दिवसांची सरासरी काढून ती महिनाभर पसरली होती. साठ नव्हे, जेमतेम सतरा. आणि बहुतेक संध्याकाळी तेही नाही.

"त्या दिवशी ते गच्चीवर गेलते," इंदुबाई म्हणाल्या. "रिटायर झाले तरी सातला वारा पाहाचेच. इथला पडला का तिथलाही पडते, म्हणत. वरूनच मले आवाज देल्ला, ताईले फोन लावून ठेव, आज रेघ हाये, सांगा लागते. मी नंबर फिरवतच होती, तं लाइट गेले. मंग जिन्यात आवाज झाला. तुम्हाले फोन कराचा राहूनच गेला."

मला वही मिटता येईना. त्या अंधाराचं वेळापत्रक माझ्याच तक्त्यातून निघालं होतं, हे मी त्यांना सांगितलं. जितक्या सोप्या शब्दांत सांगता येईल तितक्या. इंदुबाईंनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग ती माझ्या पिशवीत ठेवून म्हणाल्या, "घेऊन जा. पण कोणाले तरी दाखवा."

गुरुवारी संध्याकाळी मी ती आमच्या मुख्य अभियंता हेमा मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि आराखडा परत मागितला.

"म्हणजे गेल्या वर्षीचाही चुकला होता," त्या म्हणाल्या. "लेखी द्याल? बढतीच्या यादीत नाव आहे तुमचं. विसरला असाल म्हणून सांगते."

"देते."

तिथेच बसून लिहिलं, सही केली. माझ्या खोलीत परतले तेव्हा सात वाजत होते. यंत्रं चालू होती, तरी पवनचक्क्यांचा आकडा कॉम्प्युटरवर शून्य दिसत होता. फोन वाजला.

"जय भीम, नागोराव," मी म्हणाले. "आज रेघ. लिहून घेतली."

पलीकडून कुणी बोललं नाही. फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही. मीही ठेवला नाही.