बिनशटरची लेन्स

माझ्या वडिलांचा डोळे उघडे असलेला एकही फोटो आमच्या घरात नव्हता. लग्नाच्या फोटोत आई टवटवीत हसतेय आणि शेजारी बाबा, म्हणजे आमचे सित्से महाशय, उभ्या उभ्या डुलकी काढताहेत. माझ्या बाप्तिस्म्याच्या फोटोत मी भोकाड पसरलंय आणि बाबा मला कडेवर घेऊन झोपलेत. निवृत्तीच्या दिवशी वर्तमानपत्रवाल्याने सगळा रोल संपवला, शेवटी वैतागून पुलाचाच फोटो छापला.

बाबा आमच्या गावच्या कालव्यावर पूल उघडायचे. होडी आली की पूल वर, आणि गळाच्या काठीला टांगलेला लाकडी बूट होडीवाल्याच्या नाकासमोर, टोल टाकायला. टोल चुकवणारा त्यांच्या नजरेतून कधी सुटला नाही.

"अख्खा जन्म होड्या बघण्यात गेला, आणि कॅमेरा दिसला की आंधळे!" आई म्हणायची.

त्या वसंतात डॉक्टरांनी बाबांच्या हृदयाची झडप बदलायचं ठरवलं. ऐंशीच्या दशकात हे ऑपरेशन काही दात काढण्याइतकं सोपं नव्हतं. आईने घरातल्या सगळ्या खिडक्या धुतल्या, मग शेजारणीच्याही धुतल्या. संध्याकाळी हात पुसत म्हणाली, "हिस्के, मला ह्यांचा एक फोटो हवाय. डोळे उघडे असलेला. ऑपरेशनच्या आधी."

आधी का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मलाही भीती वाटत होती.

माझ्याकडे कॅमेरा होता, तसा अर्धाच. फोटो-क्लबच्या नाताळच्या सोडतीत कोणाला चीज लागलं, कोणाला फुलझाडाची कुंडी, आणि मला लागला मोठ्या फिल्मचा जुना लाकडी कॅमेरा. पेटी, चामड्याचा भाता, मागे दुधी काच, आणि लेन्सच्या जागी भोक. एकेक फिल्म पोस्टकार्डाएवढी. हा कॅमेरा घेऊन फोटो काढायचा तर लेन्स घ्यायला हवी होती, आणि लेन्स घ्यायची म्हणजे हार्मेनला विचारायला हवं होतं.

हार्मेन आमच्या क्लबचा सर्वज्ञ. धंद्याने गुरांचा डॉक्टर, त्यामुळे समोरचा अडेल तट्टूच आहे असं धरून बोलायचा.

"पहिली लेन्स दीडशे मिलिमीटरची," तो म्हणाला. "माणसाच्या नजरेला दिसतं तेवढंच दिसतं तिला. नव्वदच्या नादी लागलीस तर नाक बटाट्याएवढं येईल."

"मला बाबांचा चेहरा काढायचाय."

"मग दोनशे दहा. पण ऐक, काचेच्या आधी शटर बघायचं. चावी भर, दाब, कान लाव. धीम्या वेगाला अडखळलं तर ठेवून दे खाली. कळलं?"

"कळलं. दूध द्यायला कधी येऊ?"

शनिवारी शेजारच्या गावात जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार भरला होता, बास्केटबॉलच्या हॉलमध्ये. मला कोणी टोपी घालू नये म्हणून बाबा सोबत आले. हातात चीज-पावाचा डबा, कारण बाहेरचं खाणं म्हणजे दरोडा.

पहिल्याच टेबलावर दोनशे दहाची एक देखणी लेन्स होती. मी शटरची चावी भरली, कर्र, आणि दाबली, टक्. आवाज स्वच्छ होता. "कशी वाटते?" म्हणून वळले तर बाबांचे डोळे घट्ट मिटलेले.

"झोप आली का?"

"छे! मी बघतोय की."

पुढच्या टेबलावर तेच. कर्र म्हटलं की पापण्या खाली, टक् झालं की वर. तिसऱ्या टेबलावर मी मुद्दाम चावी भरली आणि बोट कळीवर ठेवून नुसती उभी राहिले. बाबा डोळे मिटून थांबले. मी थांबले, तेही थांबले. विकणारा आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघायला लागला.

"झालं का?" बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इंजेक्शनच्या सुईची वाट बघावी तशी हा माणूस जन्मभर त्या टक्ची वाट बघत होता! आणि मी त्याच्यासाठी छान वाजणारं टक् शोधत फिरत होते.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारी बाई विणकाम करत बसली होती. तिच्यापुढे पितळेची एक बुटकी, जाडजूड लेन्स होती. मी हातात घेऊन फिरवून पाहिली.

"शटर कुठाय हिला?"

"नाहीच मुळी," ती टाका न चुकवता म्हणाली. "झाकण काढायचं, मनात मोजायचं, झाकण लावायचं. माझ्या सासऱ्यांनी सगळं गाव काढलं हिच्यावर."

झाकणाला आतून मखमल होती. मी ते बाबांसमोर काढलं, लावलं, परत काढलं. आवाज म्हणून नाही. बाबा लेन्समध्ये डोकावून बघत होते, निळेशार डोळे टक्क उघडे.

"यात आपण उलटे का दिसतो गं?" ते म्हणाले.

मी लेन्स घेतली.

हार्मेनने ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "टाळकं फिरलंय तुझं! उद्या बिनचाकाची सायकल घेशील. हाताने झाकण काढून लावायचं तर सेकंद-दोन सेकंद जाणारच, तेवढ्यात ते हलले म्हणजे?"

"हलू देत. डोळे उघडे राहिले म्हणजे झालं."

तो तोंडाने मला शिव्या देत राहिला आणि हाताने लाकडाची फळी कापून, तासून, तिला बरोब्बर भोक पाडून त्याने लेन्स कॅमेऱ्यावर बसवून दिली. दुधी काचेवर चित्र कोपऱ्यापर्यंत भरलेलं दिसलं तेव्हा "हं" एवढंच म्हणाला. हार्मेनचं "हं" म्हणजे इतरांच्या टाळ्या.

दवाखान्यात जायच्या आधीच्या रविवारी, चर्चहून आल्यावर, मी बाबांना खिडकीकडे तोंड करून उंच पाठीच्या खुर्चीत बसवलं. डोकं टेकवलं की हलणार नाही. काळं फडकं डोक्यावर घेऊन मी दुधी काचेवरचं उलटं चित्र स्पष्ट करून घेतलं. आईलाही बघायचं होतं. ती फडक्यात शिरली आणि आतून आवाज आला, "अय्या, उलटे केले की किती शहाणे दिसतात!"

"अगं, आटप. कॉफी गार होतेय," बाबा म्हणाले.

मी लेन्सवर झाकण लावलं आणि मागे होल्डर सरकवला. होल्डरच्या दोन बाजूंना दोन फिल्मा होत्या. माझ्याकडे तेवढ्याच होत्या. पुढची सरकती पट्टी ओढली की फिल्म उघडी पडते, म्हणून आधी झाकण आणि मग पट्टी, हे हार्मेनने माझ्याकडून घोकून घेतलं होतं. मी पट्टी ओढली, समोर आले, आणि बघते तर आई झाकण काढून हातातल्या फडक्याने लेन्स पुसतेय!

"आई!"

"धूळ होती गं. धुळीतून कसे दिसणार ते?"

एक फिल्म गेली. मी रागाने लाल झाले. पण ओरडायला तोंड उघडलं आणि माझी नजर बाबांकडे गेली. आई लेन्स पुसत असतानाही बाबा डोळे उघडे ठेवून निवांत बसले होते. झाकण काढणं ही त्यांच्या लेखी तयारी होती. फोटो म्हणजे टक्, आणि टक् तर अजून व्हायचं होतं.

मी होल्डर उलटा करून लावला, पट्टी ओढली आणि आईच्या कानाशी लागले, "आता मी खोकले की झाकण काढ आणि बाजूला उभी राहा. पुसायचं नाही. परत खोकले की लाव."

मी खोकले. आईने झाकण काढलं आणि हातात धरून लेन्सच्या बाजूला उभी राहिली. बाबा तिच्याकडे बघत होते. मी श्वास रोखून मनात मोजायला लागले.

"हिला सर्दी झालीय," बाबा म्हणाले.

मी खोकले. आईने झाकण लावलं.

"परत कशाला लावलंस? काढा ना लवकर फोटो!"

"काढला," मी म्हणाले.

"कधी? टक् कुठे झालं?" असं म्हणून खात्रीसाठी त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुपारी मी न्हाणीघर अंधारं करून फिल्म धुतली. तिला गरज नव्हती इतकं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी छापलेला फोटो टेबलावर ठेवला तेव्हा हार्मेनही आला होता, चूक काढायला. चूक होतीच. बाबांचं तोंड पुसट आलं होतं, कारण ते सर्दीवर बोलत होते. पण डोळे! पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा.

आई फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग रडली. आमच्याकडे लोक सहसा रडत नाहीत, त्यामुळे हार्मेनला कुठे बघावं कळेना. त्याने खिशातलं भिंग काढलं आणि फोटोवर वाकला.

"हिस्के," तो हळूच म्हणाला, "डोळ्याच्या बाहुलीत बघ."

मी बघितलं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत एक-एक इवलीशी खिडकी होती, आणि खिडकीपुढे हातात झाकण धरलेली इवलीशी आई.

आईने भिंग हिसकावून घेतलं. "अगं बाई! केस बघ माझे! विंचरून ये म्हणून सांगायचंस तरी!"

"मला रोज तशीच दिसतेस," बाबा म्हणाले, आणि फोटो उचलून दवाखान्याच्या बॅगेत, पायजम्याच्या घडीत ठेवायला लागले.

"अहो, तो मला हवाय! मी मागितला होता. स्वतःचाच फोटो घेऊन तुम्ही तिथे काय करणार?"

"माझा कुठाय?" बाबा म्हणाले. "यात तू आहेस. तुला माझा हवा तर हिस्के दुसरा छापेल."

मी दुसरा छापायला न्हाणीघरात गेले, दार लावलं आणि आधी थोडं रडून घेतलं.

महिन्याभराने बाबा घरी आले. वाळलेले, पण चालत आले. फोटो बॅगेत होता, आणि त्याच्या कोपऱ्यावर वाटाण्याच्या सूपचा हा एवढा हिरवा डाग. आईने तो उजेडात धरला, ओल्या फडक्याने पुसून पाहिला. डाग काही जाईना.

"डोळे मिटून जेवत होतात का?" ती म्हणाली.