नऊशे फुटांखालचं पाणी

त्या रविवारी चन्नबसप्पांच्या सदऱ्याच्या खिशात एक खिळा होता. चांगला बोटभर लांबीचा, कागदात गुंडाळलेला. उदगीरच्या एसटीत बसल्यापासून ते खिशावरून दोनदा हात फिरवून बघत होते, आणि शेजारी बसलेली त्यांची लेक उमादेवी ते बघूनही न बघितल्यासारखं करत होती.

अहमदपूरच्या मोंढ्यात, आडतीच्या दुकानात दिवाणजी म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. राहिले भाड्याच्या खोल्यांत. घरमालक बदलले, गल्ल्या बदलल्या, अट मात्र सगळ्यांची एकच: भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यामुळे त्यांच्या घरात आरसा कोनाड्याला टेकून उभा असे, कॅलेंडर खिडकीच्या गजाला लटके आणि बसवेश्वरांची तसबीर तुरीच्या डाळीच्या डब्याला पाठ लावून बसे. डाळ काढायची झाली की गौरम्मा, म्हणजे उमाची आई, आधी तसबिरीला नमस्कार करी आणि मग ती उचलून बाजूला ठेवी.

आता लेक लातूरला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कायम झाली होती. उदगीरच्या बाहेर, नळेगाव रस्त्याला, शंकरप्पा शेटजींची नवी इमारत उभी राहत होती. त्यातला दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट उमानं टोकन भरून धरून ठेवला होता. आज कर्जाच्या कागदांवर सही करायची होती. वीस वर्षांचं कर्ज. ती सत्तावीस वर्षांची होती. फेडून होईल तेव्हा आपण अप्पांच्या आत्ताच्या वयाच्या जवळपास जाऊ, हा हिशेब तिनं एकदाच केला होता आणि नंतर मुद्दाम विसरली होती.

"सही झाली की म्या खिळा मारणार," अप्पा म्हणाले. "शेटजीला इचारलंय."

"अजून गिलावा ओला असेल अप्पा."

"असू दे की. ओल्यात लवकर जातो."

त्या वर्षी ओलं असं काही उरलंच नव्हतं. लागोपाठ पावसाळे कोरडे गेले होते. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि उमाच्या टेबलावर गावागावांतून ज्या बाटल्या तपासायला येत त्यांच्या तळाशी बोटभर गाळ असे. अहमदपूरला गौरम्मा टँकरच्या रांगेत घागर ठेवूनच देवपूजा उरकत होती. निघताना तिनं अप्पांच्या हातात एक रिकामा कॅन दिला होता. "तिथं बोअर पाडून राहिलेत म्हणं. लागलं पाणी तर घेऊन या. सही काय, ती होईलच."

इमारतीपुढे मांडव घातला होता. एका बाजूला गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं टेबल होतं, दुसऱ्या बाजूला चहा, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत फलक: 'उद्याच्या जिल्ह्याच्या ठिकाणी आजच आपलं घर'. उदगीर जिल्हा होणार ही बातमी त्या भागात मुरलेल्या लोणच्यासारखी होती, कितीही जुनी झाली तरी पानात वाढली जायची.

"पंधरा ऑगस्टला घोषणा पक्की हाय," शंकरप्पा शेटजी एका गिऱ्हाइकाला सांगत होते.

"कोणत्या वर्षीच्या शेटजी?" मागून भुजंगनं विचारलं, आणि मांडव हसला. शेटजीही हसले. मोठ्या पोटाचा, मोठ्या मनाचा माणूस. त्या जागेवर दोन बोअर कोरडे गेले होते. तिसऱ्यासाठी त्यांनी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्याचं ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले होते.

भुजंग हा उमाच्याच कार्यालयातल्या लेखाशाखेचा. मार्च आला की सगळ्या कार्यालयाचा आयकर तोच बसवून देई आणि प्रत्येकाला गृहकर्ज घ्यायला लावी. त्यानं स्वतः शेजारचाच फ्लॅट घेतला होता.

"उमाताई, तुमचा हिशेब करून ठेवलाय. व्याजाची वजावट, मुद्दलाची वजावट, पहिल्या घराची सूट वेगळी. टॅक्स शून्य! एकदम शून्य."

"भुजंगभाऊ, माझा सगळा टॅक्स वर्षाला आठ-नऊ हजार. हप्ता महिन्याला सोळा हजार."

"हाव, पण शून्य! शून्याची मजा तुम्हाला कळून न्हाई राहिली."

"एक रुपया देऊन पाच पैसे वाचवायचे. त्यात मजा कसली?"

"घर काय टॅक्ससाठी घेतात होय?" भुजंगनं लगेच पवित्रा बदलला. "घर राहायला घेतात. टॅक्स वाचतो ते वरचं खोबरं-कोथिंबीर."

घर राहायलाच घ्यायचं होतं. अप्पांना भिंत हवी होती आणि ती द्यायची ऐपत आयुष्यात पहिल्यांदा या घरात कोणाला आली होती. उमानं पेन काढलं. पण टेबलाकडे जाताना तिचे पाय वेगळीकडेच वळले.

इमारतीच्या मागे बोअरची गाडी उभी होती. खडकात शिरणाऱ्या दांड्याचा आवाज दातांत जाणवत होता. गाडीवाल्यांनी वर येणाऱ्या भुकटीचे छोटे छोटे ढीग ओळीनं घालून ठेवले होते, प्रत्येक दांड्यामागे एक. काळा, काळा, राखाडी, मग एकदम विटेसारखा लाल, पुन्हा काळा, मग हिरवट झाक असलेला. उमा त्या ओळीच्या कडेनं चालत गेली आणि लाल ढिगापाशी खाली बसली.

नांदेडला बी.एस्सी. करताना भूशास्त्राच्या बाईंनी त्यांना लोह्याजवळच्या एका खाणीत नेलं होतं. काळ्या दगडांच्या दोन थरांमध्ये असाच एक लाल पट्टा होता. बाई म्हणाल्या होत्या, "हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. एक थर पसरला, थंड झाला. मग पुढचा थर यायच्या आधी मधे इतका काळ गेला की त्या दगडाची माती झाली. त्या मातीवर ऊन पडलं, पाऊस पडला. मग वरून पुन्हा आग आली आणि तिनं सगळं झाकून टाकलं." मुली त्या लाल पट्ट्याला हात लावून बघत राहिल्या होत्या.

उमानं ती लाल भुकटी चिमटीत घेतली. उदगीरच्या रस्त्याखाली, फ्लॅटच्या पायाखाली, कुणीही कधी न पाहिलेलं एक जुनं अंगण होतं. त्यावरही पाऊस पडला होता.

तेवढ्यात आवाज बदलला. धुरळा थांबला, मग ओलसर फसफस झाली, आणि दुसऱ्या क्षणी पाण्याचा एक पांढरा खांब जमिनीतून उसळून गाडीच्या वर, शेजारच्या आंब्याच्या शेंड्याच्याही वर गेला.

मांडव रिकामा झाला. माणसं धावली आणि जवळ येऊन थबकली. कोणी ओरडेना. इतकं पाणी एका ठिकाणी बघून कित्येक महिने झाले होते, आणि ते वरून नव्हे तर खालून येत होतं. शेटजींनी डोक्यावरची टोपी काढली. एक बाई पदर पसरून उभी राहिली, पाणी पदरात पडू लागलं तशी रडायला लागली. भुजंगचा चष्मा पाण्यानं भरला आणि तो पुसायचं त्याला सुचलं नाही. उमा जिथं बसली होती तिथंच बसून वर बघत राहिली. ती रोज पाणी तपासायची. पाण्यापुढे असं गप्प व्हायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"पाताळगंगा हाय ही," शेटजी हलक्या आवाजात म्हणाले. "नऊशे फूट."

चन्नबसप्पा सकाळपासून उपाशी होते. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणीही घालायचं नाही, हा त्यांचा नेम. आज एसटी पहाटेची होती म्हणून पूजा राहिली होती. त्यांनी एक तांब्या त्या धारेखाली धरला, बाजूला आंब्याखाली बसले, गळ्यातली चांदीची डबी उघडली आणि डाव्या तळहातावर लिंग घेतलं. डोळे मिटून त्यांनी पाण्याची धार धरली. आणि डोळे उघडले.

"उमे, इकडं ये गं."

ती गेली.

"या पाण्यात हात घाल. रोज पाणी वतलं की तळवा गार पडतो माझा. हे तर न्हाणीचं तापवल्यागत लागून राहिलंय."

उमानं बोटं बुडवली. पाणी कोमट होतं. चैत्राची सकाळ होती, सावली अजून थंड होती, आणि पाणी अंगासारखं उबदार होतं. नमुने घ्यायच्या पिशवीत तिचा तापमापक असे. तिनं तो तांब्यात नको म्हणून थेट धारेखाली धरला, वाचला, पुसून परत धरला.

मग तिनं आजूबाजूला पाहिलं. कुंपणापलीकडे एक विहीर होती, तळाचा दगड दिसणारी. त्यापलीकडे शेजाऱ्याचे दोन जुने बोअर, आता कोरडे, तोंडावर दगड ठेवलेले. तीन पावसाळे रुसले तशी ही सगळी आटली. आणि हे खालचं पाणी आटलं नव्हतं. याला काही कळलंच नव्हतं.

"शेटजी," ती म्हणाली, "हे पाणी टाकीत सोडून सगळ्या फ्लॅटला देणार?"

"तर! चोवीस तास."

"आणि हे संपलं तर?"

"पाताळगंगा संपती व्हय?" शेटजी हसले. मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "तंवर जिल्हा होईल. जिल्हा झाला की पाइपलाइन आलीच."

"म्हणजे जिल्हाही उधार, नळही उधार."

"बाई, कर्ज बी उधारच असतंय," शेटजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "सगळी दुनिया उद्यावर चालतीय."

सही करायची आत्ताच, असं कंपनीचा माणूस सांगून गेला. शेटजींची अटच होती, आज नाही तर टोकन जप्त आणि फ्लॅट पुढच्या गिऱ्हाइकाला. अप्पा पूजा आटोपून दुसऱ्या मजल्यावर चढले होते. उमा वर गेली तेव्हा ते पूर्वेच्या भिंतीपुढे उभे होते. एका हातात खिळा, दुसऱ्यात गवंड्याकडून मागून आणलेला हातोडा. त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं बारीक खूणही केली होती. खिडकीतून ती पाण्याची धार दिसत होती.

"झाली सही?"

"नाही अप्पा."

ते तिच्याकडे वळले.

"ते पाणी म्हातारं आहे," ती म्हणाली.

"म्हणजी?"

"जितकं खोल, तितकं गरम. ते अलीकडे वरून झिरपत गेलेलं नाही. शेजारची विहीर आटली, दोन बोअर आटले, पण त्याला दुष्काळाची झळ लागली नाही. ज्याला दुष्काळाची झळ लागत नाही, त्याला पावसाची ओलही लागत नाही. कधीतरी, कोणाच्या काळातल्या पावसाचं ते तिथं जाऊन बसलंय. पुन्हा भरायचं नाही."

"किती जुनं आसंल?"

"मला ठाऊक नाही. उदगीरच्या किल्ल्याहून जुनं नक्की. पिढ्यान् पिढ्या जुनं."

अप्पांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "आणि त्यात आपन संडास धुणार," ते म्हणाले.

"दोन वर्षं पुरेल, दहा पुरेल, मी सांगू शकत नाही. वीस पुरेल असं तर नाहीच सांगू शकत. आणि हप्ता वीस वर्षांचा आहे. पाणी गेलं तर हे घर कोणी विकतही घेणार नाही. पगार मात्र कापला जात राहील." "पण तुम्ही म्हणाल तर करते. टँकर मागवू. लोक राहतातच की."

तिनं हे मनापासून म्हटलं होतं. तिच्या हातात अजून पेन होतं.

अप्पांनी हातोडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. अंगठ्यानं पेन्सिलीची खूण पुसायचा प्रयत्न केला, ती नीट पुसली गेली नाही. "टँकरनं येणारं पानी तुझ्या आईनं लई भरलं," ते म्हणाले. "माझ्या भिंतीपायी अजून वीस वरीस न्हाई भरायचं." मग म्हणाले, "चल. एकदा अजून बघून घेऊ त्येला."

खाली मशीन बंद केल्यावर धार बसली होती, पण नळीच्या तोंडाशी पाणी अजून उकळीसारखं हलत होतं. भुजंगनं सही केली होती. पेढा पुढे करत तो म्हणाला, "काय उमाताई, शून्य झालं का?"

"माझं नाही झालं."

तिनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं पेढा हातातच ठेवला. "आता सांगताय?"

"मला आत्ताच कळलं."

तो शेटजींच्या पाण्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "एक बाटली न्या. तपासून सांगा मला. खरं काय ते सांगा."

"सांगते. आणि शेटजींना म्हणा, गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी याच उन्हाळ्यात बांधा. सगळ्यांनी मिळून म्हणा. सही केलेल्यांचं ते ऐकतील."

भुजंगनं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरची सगळी वजावट उतरली होती.

टोकनाचे अकरा हजार परत मिळाले नाहीत. शेटजी बोलले तसं वागले, पण कॅन मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं भरून दिला.

"गेले तर गेले," एसटीत बसताना अप्पा म्हणाले. "अकरा हजारांत पाताळ बघितलं. कुणाला दिसतंय?"

कॅन त्यांनी खाली ठेवला नाही. लेकरासारखा मांडीवर घेतला, दोन्ही हात त्याच्याभोवती. शिरूर ताजबंदच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा त्यांनी उमाचा हात ओढून कॅनवर ठेवला.

"अजून ऊन हाय बघ."

ऊब होती. काळ्या दगडांखालून, लाल मातीच्या त्या जुन्या अंगणाखालून आलेली, प्लास्टिकमधून तळहाताला लागणारी. उमानं हात काढला नाही.

"आईला काय सांगायचं?" तिनं विचारलं.

"हे पानी तपेल्यात वतायचं न्हाई, देवाला ठेवायचं, एवढंच सांगतो. घराचं तू सांग."

"आणि खिळा?"

अप्पांनी खिशावरून हात फिरवला. कागद कुरकुरला.

"खिळा काय शिळा होतो व्हय?" ते म्हणाले, आणि खिडकीबाहेरच्या भेगाळलेल्या काळ्या रानाकडे असे बघू लागले, जणू त्याखाली कोणीतरी राहतं हे त्यांना आजच कळलं होतं.