जुगाराच्या पैशातली चाकाची खुर्ची

ऐका, बोलतेय मी, आंजी गावातली चाकाची खुर्ची. कोणाचा पाय मोडो, कोणाला लकवा मारो, गावाला पहिली आठवण माझी होते. भाडं एक पैसाही नाही.

जन्म माझा कारखान्यातला, पण गावात मला आणलं ते पत्त्यांनी. ताराचंदशेठच्या गोदामामागे पोळ्याला डाव बसायचा, तो दिवाळी झाली तरी उठायचा नाही. प्रत्येक डावातून जागेवाला आपला वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. शेठने ती नाल कधी घरात नेली नाही. तिच्यातून शाळेला पंखे दिले आणि मला आणलं. माझ्या पाठीवर त्यांचं नाव रंगवलंय. मला त्याचा तोराही होता, कशाला लपवू?

मग शोभाबाई अंगणात घसरली, खुबा मोडला. ऑपरेशन होऊन ती घरी आली आणि मला तिच्या दारात नेलं, तर तिने तोंडच फिरवलं.

"हे मले नको. माह्या निकेशनं त्या डावात बायकोच्या पाटल्या हारल्या. त्याच पैशाच्या खुर्चीवर मी बसू काय?"

निकेश, तिचा एकुलता एक, मान खाली घालून उभा होता.

शेठ स्वतः आले. माणूस मनाचा वाईट नाही हो. "शोभाबाई, लोकं खेळतेच. मी नाई तर दुसरा कोणी डाव बसवीन. माह्याकडं निदान गावाच्या कामी येते."

"काऊन, गावानं मांगितलं होतं का?"

शेठ चपला घालून निघाले. खरं सांगते, माझा तोरा तिथेच उतरला.

ती खाटेवरच पडून राहिली. पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून रीता रडकुंडीला आली. शेवटी एका सकाळी म्हातारी म्हणाली, "आण ते खुर्ची." मला वाटलं, आता ऊन खायला नेतील.

"गोदामाकडं घे," ती म्हणाली.

डाव रंगात आला होता. तिने मला थेट सतरंजीच्या कडेला उभं करायला लावलं. "खेळा नं. मी पाहून राह्यली."

कोण खेळणार? पत्ते हातातल्या हातात राहिले. शेठ तरी काय बोलणार, खुर्ची त्यांनीच दिलेली. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा मला ढकलत होता निकेश.

डाव मोडला, तशी नालही आटली. आता माझ्या चाकाचं रबर फाटलंय, आणि मधुमेहात पाय गेलेले बबनराव माझी वाट पाहून राहिलेत. बाबांनो, कोणीतरी एक रबर घाला मला. पण आपल्या कमाईतून घाला. पैसा कुठला, हे शोभाबाई आधी विचारेल, आणि या वेळी मीही विचारीन.