वळणाखालचे तळे

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी धावड्याजवळच्या आपल्या शेततळ्यावर कारभारींनी शेजारचा शेतकरी राजानंद याच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला. घाव कानशिलावर बसला. राजानंद गुडघ्यांवर आला, तेव्हा दुसरा.

आदल्या दुपारी तासभर अवकाळी कोसळला होता. सकाळी तळ्यातले रोहू पांढरी पोटे वर करून तरंगत होते. पाण्यावर काळी साय. आणि बांधावर, फवारणीचा पंप पाठीला लावून, राजानंद.

"पंप धुतला ना रे माझ्या पाण्यात?"

"न्हाई अण्णा. आत्ता कुठं भरायला निघून राह्यलो."

"मंग मासे काय झोपलेत?"

"तुमचे मासे, तुमचं तळं. तुमचीच नजर लागली असंल." राजानंद हसला.

पंप धुतलेल्या पाण्याने मासे मरतात, हे त्या शिवारात सगळ्यांना ठाऊक. कारभारींनी दुसरे कारण शोधलेच नाही. तिसरा घाव त्यांची बायको द्वारकाबाई हिने मनगटावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज आला. राजानंदची बायको शिवकन्या धावत आली, तिने दगड मारला. कारभारींचे पुढचे दोन दात पडले.

दहा वाजता पंचनामा झाला. जमादार रामप्रसाद यांनी पंप उघडला. टाकी कोरडी, औषधाची बाटली सीलबंद. मग जमादार कारभारींना घेऊन, पाणी आले त्या वाटेने वर चढले. तळ्यात येणारी चारी थेट डांबरी रस्त्याच्या गटारापर्यंत जात होती. उतारावरच्या वळणावर ट्रक ब्रेक दाबतात. तिथला रस्ता टायरांच्या पट्ट्यांनी काळा झालेला. जमादारांनी चारीतला गाळ बोटांत चोळला. तो तेलासारखा पसरला नाही. खोडरबराच्या चुऱ्यासारख्या त्याच्या वळ्या झाल्या.

"टायरांचा चुरा आहे हा, कालच्या पावसानं तळ्यात वाहून नेलेला. ही चारी कोणी खणली?"

"म्याच. गेल्या साली." कारभारींनी रक्त थुंकले. "टायरानं कुठं मासा मरतो का, साहेब?"

"टायर झिजतं, ते जातं कुठं मग?"

"म्हंजी राजानंदनं न्हाई..."

"ते तपासणी सांगेल. गाडीत बसा."

पाण्याचे, गाळाचे आणि माशांचे नमुने त्याच दिवशी रवाना झाले. अहवाल आलेला नाही. जालन्याच्या दवाखान्यात गुरुवारी दुपारी चार वाजता राजानंदने डोळे उघडले. समोर शिवकन्या होती. त्याने तिला ओळखले नाही.